इंजिन लोखंडाचं, कॅब लाकडाची!

वाफेचं इंजिन म्हटलं की भट्टी आठवते, हातोडे आठवतात, लोहार आठवतो. सुतार कुणालाच आठवत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी इंजिनाचा फोटो नीट पाहा. बॉयलर लोखंडी, चाकं लोखंडी आणि मागे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात ती खोली, म्हणजे कॅब, चक्क लाकडाची! कमानदार खिडक्या, पॅनेलच्या भिंती, वर वॉर्निशची चकाकी. कोकणातल्या एखाद्या माडीची गॅलरी उचलून इंजिनावर ठेवावी तसा थाट.

मोठ्या मापाची मॉडेल इंजिनं बाळगणारे हौशी लोक आज नेमकं हेच करतात. आयत्या इंजिनाची प्लास्टिकची कॅब उपटतात आणि तिथे स्वतः रंधलेली लाकडी कॅब बसवतात. या उद्योगातल्या गमती भारी आहेत.

सुरुवात उघड्यावरची. १८२९ साली रेनहिलची शर्यत जिंकणाऱ्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ला कॅब नव्हतीच. पाऊस आला की ड्रायव्हर भिजायचा, बस्स. पुढे ब्रिटनमध्ये त्याच्यासमोर एक उभा पत्रा आला, त्यात दोन गोल काचा. दिसायला अगदी चष्मा, आणि नावही तेच पडलं. अमेरिकेत हिवाळा कडक, अंतरं लांब आणि जंगलं अफाट. तिथल्या मंडळींनी सरळ लाकडी खोलीच उभारली. शिवाय ती मोडली तर रेल्वेच्या कारखान्यातला कुठलाही बरा सुतार नवी करून द्यायचा.

१० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमंटरी समिटला पूर्वेचा आणि पश्चिमेचा रूळ जोडला गेला, तेव्हा समोरासमोर उभी होती अशीच लाकडी कॅबची दोन इंजिनं, 'ज्युपिटर' आणि 'क्रमांक ११९'. दोन्ही इंजिनं पुढे भंगारात गेली. १९७९ मध्ये त्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बनल्या, पण मूळ आराखडे कुठे होते? मग जुने फोटो मोठे करून त्यांवरून मापं काढली. घरच्या टेबलावर कॅब बनवणारा हौशी माणूसही हेच करतो. फरक इतकाच, की त्याला सरकार पैसे देत नाही.

त्या प्रतिकृतींच्या रंगकामात वॉर्ड किंबॉल होता. डिस्नेच्या 'पिनोकिओ'तला जिमिनी क्रिकेट ज्याच्या हातून उतरला, तोच. स्वतःच्या परसात खऱ्या मापाचं वाफेचं इंजिन बाळगणारा गडी! आणि त्याचा साहेब काही कमी नव्हता. वॉल्ट डिस्नेच्या लॉस एंजेलिसच्या घराभोवती १९५० पासून १:८ मापाचं इंजिन धावायचं, बायकोच्या नावावरून 'लिली बेल' म्हटलेलं. धातूचं बरंचसं काम स्टुडिओच्या वर्कशॉपनं केलं, पण शेवटचा गार्डाचा डबा साहेबांनी स्वतः लाकडात घडवला, आत इवल्याशा शेगडीसकट. बायकोच्या फुलांच्या वाफ्याला धक्का लागू नये म्हणून रूळ तिथे बोगद्यातून नेला. संसारी माणूस!

आता आकड्यांची मजा. बागेतल्या मोठ्या मॉडेलांचा रूळ बहुतेक ४५ मिलिमीटरचा. १९६८ मध्ये एलजीबी या जर्मन कंपनीनं बागेतल्या गाड्या आणल्या त्या याच रुळावर, मीटरगेज धरून, १:२२.५ मापात. पण अमेरिकी नॅरोगेज तीन फुटांचं. ९१४ मिलिमीटरला ४५ ने भागा, माप येतं १:२०.३. नेवाडातलं १८७५ चं 'युरेका' हे देखणं इंजिन या गेजचं. ब्रॉडगेजपेक्षा अरुंद असलेलं, जगभर चालणारं १४३५ मिलिमीटरचं गेज धरलं तर १:३२. आणि आपल्या माथेरानच्या राणीचा रूळ दोन फुटांचा; तिला त्याच ४५ मिलिमीटरवर बसवायचं तर इंजिन १:१३.५ मापाचं हवं.

म्हणजे रूळ एकच, पण सहा फुटी ड्रायव्हर कुठे पावणेसहा सेंटिमीटरचा, कुठे नऊचा, तर माथेरानला चांगला तेरा सेंटिमीटरचा! म्हणून जाणते आधी ड्रायव्हरची बाहुली मिळवतात आणि तिच्या डोक्यावर छप्पर बेततात. उलटं केलं की ड्रायव्हर एक तर जन्मभर वाकून उभा, नाहीतर दिवाणखान्यात हरवलेला.

सगळं लहान होतं, एक गोष्ट सोडून. लाकडाचे रेषे! एक इंचाची फळी १:२०.३ मापात सव्वा मिलिमीटरची होते, पण तिच्यावरचे रेषे आपल्या मूळ आकारातच राहतात. माझा पहिला तुकडा सागाचा होता. घरच्या जुन्या पाटाचा, भावनेच्या भरात घेतलेला. पॉलिश झाल्यावर त्या छोट्या भिंतीवरचे रेषे एवढे ठसठशीत दिसायला लागले, की ती कॅब कमी आणि दोरखंडांची झोपडी जास्त वाटली. तेव्हापासून सागाला रामराम. बारीक पोताचं लाकूड हवं. परदेशात बासवूड, चेरी, नासपतीचं लाकूड वापरतात. आपल्याकडे हळदू छान. पिवळसर आणि रेषा जवळजवळ न दिसणारी. तीच गत छपराची. खऱ्या कॅबच्या लाकडी छतावर कॅनव्हास ताणून रंगाचे हात मारत. मॉडेलवर मलमलीचा तुकडा लावून पाहा, गोणपाट पांघरल्यासारखं दिसेल. टिश्यू पेपरच बरा.

खऱ्या वाफेचं मॉडेल असेल तर प्रकरण शब्दशः तापतं. बॉयलरमध्ये ४० पौंड दाब म्हणजे आतलं पाणी १४० अंशांच्या आसपास. लाकूड तेवढ्यानं पेटत नाही, पण पांढरा सुतारी गोंद मऊ पडतो आणि सांधे हळूच तोंड उघडतात. म्हणून एपॉक्सी आणि बारीक स्क्रू, शिवाय बॉयलर आणि लाकूड यांच्यात हवेची फट. स्पिरिटवर चालणारं इंजिन तर आणखी फसवं. स्पिरिटची ज्योत भर उन्हात जवळपास दिसतच नाही. कॅबखाली स्पिरिट सांडून पेटलंय हे कळतं ते वॉर्निशला फोड आल्यावर!

लाकडी कॅबचा फायदाही आहे. भट्टीजवळच्या पत्र्याला हात लावून पाहा आणि मग लाकडी चौकटीला. बोटं सांगतील.

सगळ्यात किचकट काप कुठला? पुढच्या भिंतीचा, जिथून बॉयलर आत शिरतो. कंपास, पुठ्ठा आणि चिकाटी. त्यातही 'कॅमलबॅक' इंजिन निवडलंत तर देव तुमचं भलं करो. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशासाठी जॉन वुटननं १८७७ मध्ये एवढा रुंद फायरबॉक्स काढला, की पुढे ड्रायव्हरची कॅब सरकवून बॉयलरच्या पाठीवर बसवावी लागली, उंटाच्या खोगिरासारखी. फायरमन बिचारा मागे एकटाच.

हे वाचून हात शिवशिवत असतील तर पहिली कॅब पुठ्ठ्याची करा, दुसरी लाकडाची. आणि काहीही झालं तरी छप्पर चिकटवू नका, उचलता येईल असंच ठेवा. वाफ कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरचा दांडा त्याच्याच खाली असतो.