सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर तेच, हिशेब वेगळा

सिंगापूर आणि न्यूयॉर्क या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. विनाथांबा विमानास वेळापत्रकात १८ ते १९ तास दिलेले असतात. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. परंतु विमान दर वेळी तोच मार्ग धरते असे नाही. उंचावरील पश्चिमी वाऱ्यांची साथ मिळत असेल, तर पॅसिफिक महासागरावरून लांबचा पल्ला घेऊनही ते लवकर पोहोचते.

खरा प्रश्न इंधनाचा आहे. या मार्गावरील एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर, म्हणजे सुमारे १३० टन इंधन मावते. उड्डाणाच्या वेळी विमानाचे कमाल वजनच २८० टन! पहिल्या काही तासांत बरेचसे इंधन पुढील तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडते. व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे, तशातलाच हा प्रकार. त्यामुळे येथे आसने केवळ १६१. त्याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५० मध्ये ती २५३ असतात. स्वस्त भाड्याची इकॉनॉमी श्रेणी येथे नाही आणि मालासाठीचा पुढील कक्षही वापरात नसतो.

सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कलगतच्या न्यूअर्क विमानतळापर्यंत ही सेवा प्रथम २००४ मध्ये सुरू केली, तेव्हा चार इंजिनांचे ए३४०-५०० विमान योजले होते. पुढे खनिज तेल महागले. २००८ मध्ये सर्व आसने बिझनेस श्रेणीची करून त्यांची संख्या १०० वर आणली गेली, तरी जमाखर्चाचा मेळ बसेना. नोव्हेंबर २०१३ मध्ये सेवा थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांचे, कमी इंधन पिणारे विमान हाती आल्यावर ती पुन्हा सुरू झाली. अंतरात मधल्या काळात एका किलोमीटरचाही फरक पडला नव्हता.

फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास चार-पाच तास अधिक लागतात. उतरताच बैठक गाठायची असेल, तर ही बचत मोलाची. ज्येष्ठांनी मात्र मधला थांबा तोट्याचा समजू नये. सलग बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका असतो. थांब्यावर पाय तरी मोकळे होतात.

तारखांचा गोंधळ निराळाच. दोन्ही शहरांच्या घड्याळांत उन्हाळ्यात १२ आणि हिवाळ्यात १३ तासांचे अंतर असते. उन्हाळ्यात सिंगापूरहून मध्यरात्र उलटताच निघालेला प्रवासी साडेअठरा तासांनी उतरतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेची सकाळ असते. परतताना याच्या उलट. सोमवारी रात्री दहाला न्यूयॉर्क सोडले, तर १९ तासांनी सिंगापुरात बुधवारची पहाट उजाडत असते आणि मंगळवार सारा विमानातच सरतो. एखाद्या बिलाची मुदत त्या मंगळवारी संपत असेल, तर त्याची तजवीज निघण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.