ज्वारीच्या प्रथिनाची गाठ

बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलच्या बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं तरी सगळ्या प्रयोगशाळेला पत्ता लागतो. कुजक्या अंड्यांचा तो वास दोन खोल्या ओलांडून जातो. म्हणून ही बाटली फ्यूम हूडखालीच उघडायची, हा पहिल्या दिवशीचा धडा. पण ज्वारीच्या दाण्यातलं प्रथिन जेलवर पाहायचं तर या बाटलीशी किंवा तिच्या भावंडांशी गाठ पडतेच. आणि परभणीत, जिथे जेवण म्हणजे भाकरी, तिथे हे रसायन काय करतं हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. परभणी मोती, परभणी ज्योती हे इथलेच ज्वारीचे वाण. २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने ‘परभणी शक्ती’ आला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. या वाणात ते अनुक्रमे ४५ आणि ३३ च्या घरात आहे. प्रथिनं ११.९ टक्के, बहुतेक वाणांत ती दहाच्या आतच असतात. आता हा टक्का निघतो कसा? दाण्यातला नत्र मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. त्यातून प्रथिन किती ते कळतं. कोणतं आणि कोणत्या अवस्थेत, ते कळत नाही. त्यासाठी जेल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिनं जेलच्या जाळीतून पळवून वेगवेगळी करणं.

ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. १९१६ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. दाण्यातल्या एकूण प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच, पण ते पाण्यात विरघळत नाही, मिठाच्या पाण्यातही नाही. त्याला अल्कोहोल लागतं, आणि पूर्ण बाहेर काढायचं तर सोबत मर्कॅप्टोइथेनॉल. कारण काफिरिनच्या साखळ्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात. गंधक-गंधक बंधाची ही गाठ मर्कॅप्टोइथेनॉल सोडवतं. मग येतं एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट. शाम्पूत फेस आणणाऱ्या द्रव्यांच्याच घराण्यातलं. ते दर ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम चिकटतं, प्रथिनाची घडी मोडतं आणि सगळ्यांना वजनाच्या प्रमाणात ऋणभार देतं. आता वीज सोडल्यावर कोण पुढे जाईल हे फक्त आकारावर ठरतं. नमुन्यात ग्लिसरॉल घालतात ते तो खाचेत तळाशी बसावा म्हणून, आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यू घालतात ते धाव कुठवर आली हे डोळ्यांना दिसावं म्हणून.

जेल ओतणं हा मात्र निव्वळ हातखंड्याचा भाग. अॅक्रिलामाइड आणि बिस-अॅक्रिलामाइड ट्रिसच्या द्रावणात मिसळायचं, शेवटी अमोनियम परसल्फेट आणि मासळीसारख्या वासाचं टेमेड टाकायचं. टेमेड परसल्फेटला फोडून मुक्त मूलकं सोडतं आणि द्रवाची जाळी बांधली जाते. हवेतला ऑक्सिजन त्यात मोडता घालतो, म्हणून वर ब्युटेनॉलचा किंवा पाण्याचा थर. परसल्फेट ओलावा धरून निकामी होतं. जेल तासभर पाणीच राहिलं तर संशय आधी त्याच्यावर घ्यावा. परभणीचं हवामानही यात लुडबुड करतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की ओतता ओतताच जेल धरतं. डिसेंबरात तो दहाच्या खाली आला की एसडीएसचं द्रावण पांढरे स्फटिक टाकून बसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा निवळतं. बाटल्यांवर पाहावं तर डार्मस्टाटच्या मर्कचं नाव, आणि पीठ पाथरी-मानवतच्या ज्वारीचं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं कुणी थट्टेने म्हणो की अभिमानाने, इथे ते अक्षरशः खरं होतं.

अॅक्रिलामाइडबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. जाळी बनल्यावर ते निरुपद्रवी, पण सुटं असताना मज्जातंतूंचं विष. हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या हॉलांडसोस बोगद्याच्या कामात गळती रोखायला वापरलेल्या रसायनातून ते ओढ्यात उतरलं आणि गुरं लुळी पडली. कामगारांचं रक्त तपासताना बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या. माग काढत संशोधक स्वयंपाकघरात पोचले: पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की त्यातल्या अॅस्पॅराजिन आणि साखरेपासून अॅक्रिलामाइड तयार होतं. हे २००२ साली जाहीर झालं. फराळाचं ताट बाजूला सारण्याचं कारण नाही. बटाट्याचे वेफर्स काळपट होईस्तोवर तळू नयेत, एवढं पुरे.

ही सगळी रसायनं आज ज्या घडणीत वापरतात ती उलरिख लेमली यांची, १९७० सालची. गंमत म्हणजे पद्धत हा त्यांच्या निबंधाचा विषय नव्हताच. विषय होता टी-४ विषाणूचं डोकं कसं जुळतं हा. वर ६.८ सामूचं विरळ जेल, खाली ८.८ चं दाट. वरच्यात पुढे क्लोराइड, मागे ग्लायसिन आणि मधे दबलेली प्रथिनं बारीक रेषेत गोळा होतात. खालच्यात ती आकाराप्रमाणे पांगतात. मग कुमासी ब्रिलियंट ब्ल्यू. मुळात लोकर रंगवायचा हा रंग. मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लाने जादा रंग धुतला की ज्वारीच्या रकान्यात २३ आणि २५ किलोडाल्टनच्या आसपास दोन ठसठशीत निळे पट्टे उमटतात. तोच नमुना मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय चालवावा, तर बरंचसं प्रथिन मोठ्या गठ्ठ्यांत वरच अडकून राहतं.

खरी बातमी त्या वर अडकलेल्या निळ्या डागात आहे. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवलं की काफिरिनच्या गंधकी गाठी वाढतात आणि पोटातल्या पेप्सिनला प्रथिन तोडणं अवघड जातं. १९८१ मध्ये पेरूतल्या लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या ज्वारीच्या प्रथिनाची पचनीयता ४६ टक्के निघाली. गव्हाची ८१, तांदळाची ६६. पुढे १९८७ मध्ये ब्रूस हामाकर आणि सहकाऱ्यांनी ज्वारी मर्कॅप्टोइथेनॉलसारख्या द्रव्यांसोबत शिजवून पाहिली, तेव्हा परीक्षानळीतली पचनीयता वाढली. ताटात अर्थातच ती बाटली चालणार नाही. आंबवण्याने मात्र पचनीयता सुधारते, हे आफ्रिकेतल्या ज्वारीच्या पदार्थांवर तपासलेलं आहे. मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करतात. ती वर्षातून एकदाच का, हा प्रश्न घरोघरी विचारण्याजोगा आहे. ज्वारीत लायसिनही कमी असतं. ती उणीव वरण आणि पिठलं भरून काढतात.

एक मागणी मात्र ज्वारीच्या पैदासकारांपुढे ठेवायला हवी. वाणाच्या माहितीपत्रकात कच्च्या दाण्यातल्या प्रथिनाचा टक्का छापतात. पेरूतली मुलं पेज खात होती. आपण भाकरी खातो. तेव्हा त्याच वाणाची भाकरी थापून, भाजून, तिच्यातलं किती प्रथिन पचतं तो आकडाही शेजारी छापावा. त्याला पेप्सिन, आम्लधर्मी द्रावण, ३७ अंशांचं पाणी आणि दोन तास लागतात. हे सामान जिल्ह्याच्या महाविद्यालयांनाही परवडणारं आहे.