मार्फतचा पत्ता व परत आलेले टपाल

उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील आपल्या कुटुंबांच्या मुलामुलींना हल्ली शिष्यवृत्तीचा वा परीक्षेचा अर्ज इंटरनेटवरूनच भरावा लागतो. नाव, गाव, जन्मतारीख विनासायास जाते. फोटो व दाखला जोडू लागताच मात्र चक्र फिरत राहते, आणि काय चुकले ते कोणी सांगत नाही. शेवटच्या तारखेस असे घडले म्हणजे वर्ष वाया जाण्याची पाळी येते. याची कारणे अनेक. त्यांतील एकाचा विचार येथे करू. कधीकधी चुकीची सूचना निघालेली असते, पण ती दाराशी येऊन गहाळ होते.

इंटरनेटच्या जुन्या, अद्याप चालू असलेल्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. ते जगास अपुरे पडले. त्यावर पत्ता बदलण्याची युक्ती १९९४ साली लेखी मांडली गेली. तिला नॅट म्हणतात, व घरच्या राउटरमध्ये ती बहुधा असतेच. वसतिगृहाचे गृहपती डोळ्यांपुढे आणावेत. मुलाचे पत्र बाहेर जाताना ते खोलीचा पत्ता काढून वसतिगृहाचा पत्ता व एक क्रमांक घालतात आणि वहीत नोंद ठेवतात. उत्तर आले की वही पाहून ते त्या खोलीत देतात.

अडचण येते ती परत आलेल्या टपालाची. समजा, पत्र मुंबईस धाडले आणि वाटेत वलसाडच्या कचेरीने "पाकीट फार मोठे, लहान करून पाठवा" असे कळविले. वहीत नोंद मुंबईची, वलसाडची नाही! आळशी गृहपती तो कागद केराच्या टोपलीत टाकील. इंटरनेटवर असे निरोप आयसीएमपी या नियमाने येतात. तो १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिला; आडनावही किती साजेसे! निरोप पुष्कळदा मधल्याच राउटरकडून येतो, पण त्याच्या पोटात मूळ पॅकेटचा मथळा व पुढील निदान आठ बाइट असतात. नोंदीचा क्रमांक तेथेच सापडतो.

तेव्हा नॅटने धाडणारा कोण हे न पाहता पोटातील नक्कल वाचावी व तिच्यावरून नोंद शोधावी. नोंद नसेल तर निरोप टाकून द्यावा. असेल तर वरचा पत्ता बदलावाच, पण आतल्या नकलेवरचाही बदलून खोलीचा करावा. हे राहून गेले, तर निरोप खोलीत पोचूनही "हे पत्र माझे नव्हे" म्हणून मुलगा तो बाजूस ठेवील. शिवाय एका तक्रारीवरून वहीतील नोंद खोडू नये, कारण खोटा निरोप कोणीही धाडू शकतो. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने २००७ ते २००९ या काळात हे लेखी ठरविले. २००९ च्या लेखाच्या चार कर्त्यांत श्रीसुरेश, शिवकुमार, गुहा ही नावे वाचून आम्हांस कौतुक वाटले.

नियम लिहिले म्हणजे पाळले जातात असे मात्र नव्हे. सुरक्षिततेच्या नावाखाली सारे आयसीएमपी बंद करणारेही आहेत. चोराच्या भीतीने टपालपेटीलाच खिळे ठोकावेत तसा हा प्रकार. "पाकीट मोठे" हा निरोप अडला की यंत्र तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा धाडत बसते. काही यंत्रे अंदाजाने आपणच ते लहान करतात, सगळी नव्हेत. घरी असा अनुभव येत असल्यास जोडणी देणाऱ्यास आयसीएमपीचे चूक-निरोप मोकळे आहेत का, हे विचारावे. आणि तोवर राउटरमधील एमटीयू हा आकडा १५०० असल्यास १४९२ किंवा त्याहून थोडा कमी करून पाहावा.