चांदण्याचे जाळे

रहस्यपट म्हटला की अंधार हवाच, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या मागोमाग ज्यांचे बालपण गेले, त्यांना तर हे निराळे सांगायला नको. अंधारी गल्ली, कुलूप घातलेला बंगला, मध्यरात्रीचे ठोके आणि एखाद्या खिडकीतला मिणमिणता दिवा एवढी सामग्री जमली की वाचकाच्या अंगावर काटा उभा राहावा, हा लेखक-वाचकांमधला जुना करार. हा करार ज्याने मोडला असा एक हिंदी चित्रपट आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात फार दिवसांपासून आहे. चित्रपटाचे नाव 'जाल'. साल १९५२. दिग्दर्शक गुरुदत्त. त्यातील सर्वांत मोठा अपराध अंधारात घडत नाही. तो उघड्या समुद्रकिनाऱ्यावर, लख्ख चांदण्यात आणि गिटारच्या सुरांवर घडतो. त्यात सुरा नाही, पिस्तूल नाही, किंकाळी तर नाहीच.

आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो गोवामुक्तीनंतर काही वर्षांनी, गावाबाहेर लागलेल्या तंबूतल्या सिनेमात. शाळकरी वय. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये दोरी. रीळ बदलताना पडदा पांढरा होई आणि आम्ही मुले त्यावर हातांच्या सावल्या पाडून घेत असू. प्रत जुनी होती, तिच्यावर पावसाच्या धारा असाव्यात तशा रेघा उमटल्या होत्या. कथेतले फारसे काही कळले नाही. पण घरी परतताना आत्या आईला जे म्हणाली ते मात्र कळले, आणि ध्यानातही राहिले. "त्या पोरीला काय दोष द्यायचा, वहिनी? असले चांदणे पडल्यावर कोण घरात बसेल!" आई काही बोलली नाही. काका मात्र संतापले होते. त्यांच्या संतापाचे कारण निराळे होते, ते पुढे सांगू.

कथा थोडक्यात अशी. गोव्याच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळ्यांचे एक गाव आहे. तेथे मारिया (गीता बाली) ही अल्लड, तोंडाळ मुलगी आपल्या देवभीरू भावाबरोबर, कार्लोबरोबर राहते. भावाची ही सात्त्विक भूमिका के. एन. सिंग यांना दिलेली आहे. ज्यांच्या नुसत्या एका भुवईने प्रेक्षक सावध होत असत, त्या नटाला सज्जन करणे हीसुद्धा दिग्दर्शकाची एक खोडीच म्हणायची. सायमन नावाचा सरळमार्गी तरुण मारियावर जीव टाकून आहे. या गावात टोनी (देव आनंद) येतो. तो सोन्याची चोरटी ने-आण करणारा, देखणा, हसतमुख आणि आतून पूर्ण कोरडा मनुष्य. त्याने पूर्वी जिचा घात केला ती लिसा (पूर्णिमा) त्याला ओळखून आहे. पण तिने दिलेला इशारा मारियाच्या कानांवरून वाऱ्यासारखा निघून जातो.

म्हणजे खलनायक कोण हे प्रेक्षकाला आरंभीच ठाऊक असते. रहस्य शिल्लक राहते ते एवढेच की, सर्व काही समजूनही मारिया त्याच्याकडे का ओढली जाते? या प्रश्नाचे उत्तर संवादांत सापडत नाही. टोनीपाशी तर सांगण्यासारखे काहीच नाही. तो खोटेही फारसे बोलत नाही. उत्तर आहे ते छायालेखनात, आणि म्हणून या चित्रपटाचा खरा मानकरी आम्ही व्ही. के. मूर्ती यांना समजतो.

मूर्ती मूळचे म्हैसूरचे. १९२३ चा जन्म. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला, व्हायोलिन वाजवणारा, बंगळूरच्या तंत्रनिकेतनातून छायालेखनाचे शिक्षण घेऊन मुंबईत आलेला हा तरुण गुरुदत्तांच्या 'बाजी' (१९५१) या चित्रपटात व्ही. रात्रा या छायालेखकांचा साहाय्यक होता. एका गाण्यात आरशातल्या प्रतिबिंबावरून सुरू होऊन कॅमेरा फिरत जाईल असा एक अवघड तुकडा त्याने सुचवला आणि रात्रांच्या अनुमतीने स्वतः चित्रितही केला. तो पाहून गुरुदत्तांनी पुढच्या चित्रपटापासून या साहाय्यकालाच आपला छायालेखक करण्याचे ठरवले. तो पुढचा चित्रपट म्हणजे 'जाल'. मूर्तींचे स्वतंत्र छायालेखन येथून सुरू होते. दोघेही तेव्हा तिशीच्या आत होते. 'प्यासा' आणि 'कागज के फूल' यांची कीर्ती सांगताना लोक या जोडीचे गुणगान करतात ते योग्यच. पण त्या जोडीची पहिली पावले किनाऱ्यावरच्या वाळूत उमटली आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता ते चांदणे पाहू. हेमंतकुमारांच्या आवाजातले, साहिर लुधियानवींनी लिहिलेले आणि सचिनदेव बर्मनांनी बांधलेले ते रात्रीचे गाणे आजही अनेकांच्या ओठांवर आहे. मात्र ते कोणत्या चित्रपटातले असे विचारले तर बहुतेक जण घुटमळतात. रेडिओवर ऐकताना ते निव्वळ प्रेमगीत वाटते. पडद्यावर पाहिले की त्याचा अर्थ पालटतो. टोनी गिटार घेऊन बसला आहे. त्याला उठून कुठे जायचे नाही, कोणाच्या मागे लागायचे नाही. पाण्यात गळ सोडून निवांत बसावे तसा तो बसला आहे. तिकडे मारिया अस्वस्थ. ती स्वतःला आवरते, थांबते, मान फिरवते, आणि तरीही तिची पावले पडत राहतात. नारळीची खोडे, हलणाऱ्या झावळ्या आणि त्यांच्यामधून झिरपणारा प्रकाश यांनी तिच्या अंगावर उजेड-सावलीच्या पट्ट्या उमटतात. किनाऱ्यावर दिवसा वाळत घातलेली कोळ्यांची जाळी आपण पाहिलेली असतात. आता रात्री तेच जाळे प्रकाशाचे होऊन एका माणसावर पडले आहे. चित्रपटाचे नाव येथे कोणी उच्चारत नाही. उच्चारण्याची गरजही नाही.

इतर रहस्यपटांत प्रेक्षकाला वाटते की दिवा लागावा, म्हणजे पोरगी वाचेल. येथे वाटते की ढग यावा. सौंदर्याची भीती वाटायला लावणे ही सोपी गोष्ट नव्हे.

याच चित्रपटात लताबाईंचे एक गाणे आहे, ज्यात सांजवेळच्या आकाशात सोने वितळल्याची कल्पना येते. चित्रपट कृष्णधवल! करड्या रंगाच्या शेकडो छटांतून हे सोने दाखवायचे. मूर्तींनी ते पाण्यावरच्या चकाकीतून आणि आकाशाच्या उतरत्या उजेडातून असे उभे केले आहे की, रंगीत चित्रपटांना सवकलेल्या आजच्या डोळ्यांनाही उणीव भासू नये. आणि गंमत पाहा, ज्या सोन्यासाठी टोनी माणसे विकायला तयार आहे, ते या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी फुकट सांडते आहे. हे साहिर यांनी योजून लिहिले की प्रसंगाच्या ओघात आले, कोण जाणे. आम्हाला ते दुसऱ्यांदा पाहताना जाणवले.

गुरुदत्त मुद्राचित्रणासाठी नेहमीपेक्षा लांब नाभ्यंतराची भिंगे वापरीत, आणि तशा चित्रणाला त्यांचेच नाव पडले होते, हे चित्रपटव्यवसायात प्रसिद्ध आहे. अशा भिंगाने चेहरा मागच्या जगापासून सुटा होतो. मागचे सर्व धूसर, केवळ डोळे स्पष्ट. गीता बालीसारखी अभिनेत्री असली म्हणजे या युक्तीचे सोने होते. तिचा चेहरा क्षणभरही स्थिर नसे. हसू, राग, लबाडी आणि भीती हे सारे तिच्या मुद्रेवर एकापाठोपाठ धावत येई. १९६५ साली ती अकाली गेली. तिच्या वाट्याला जी कामे आली त्यांत मारिया फार वरच्या पायरीवर बसते असे आमचे मत आहे. देव आनंदची टोपी आणि तिरकी मान पाहायला आलेला प्रेक्षक परतताना मारियाचे डोळे घेऊन जातो.

चित्रपटाचे मूळ परके आहे, हेही सांगितले पाहिजे. जुझेप्पे दे सान्तिस यांच्या 'रिझो आमारो' या १९४९ मधील इटालियन चित्रपटाची छाया 'जाल'वर आहे. तिथे उत्तर इटलीतील भाताची लावणी करणाऱ्या मजूर बायका आहेत, त्यांच्यात दडलेली चोराची साथीदारीण आहे आणि त्या चोराच्या मोहात पडणारी सिल्वाना आहे. गुरुदत्तांनी शेताचा चिखल टाकून समुद्राची वाळू घेतली. सिल्वाना अखेर त्या चोराला ठार करते आणि स्वतःही जीव देते. मारियाच्या वाट्याला असा दारुण शेवट नाही. टोनी पोलिसांच्या हाती लागतो खरा, पण तिच्या प्रेमाने त्याचे मन पालटते. हा शेवट आम्हाला कधीच पटला नाही. ज्या माणसाला दोन तास इतके निर्मम रेखाटले, त्याच्या डोळ्यांत पाच मिनिटांत पाणी आणणे ही प्रेक्षकाला दिलेली लाच आहे. एवढेच की, तिथेही मूर्तींचा कॅमेरा खोटे बोलत नाही. संवाद क्षमेची भाषा करतात आणि दृश्ये थंडच राहतात.

आता काकांचा संताप. तो काळ १९६७ च्या जनमत कौलाच्या आसपासचा. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावर घराघरांत, ओसरीओसरीवर वाद झडत होते. एकाच ताटात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. अशा दिवसांत तंबूतून बाहेर पडताना काका म्हणाले, "गोवा म्हणून दाखवलाय ना हा? मग यात आपण कुठे आहोत रे?" प्रश्न बिनतोड होता. त्या पडद्यावर क्रूस होता, गिटार होती, झगे होते. मंगेशीची दीपमाळ नव्हती, तुळशीवृंदावन नव्हते, संध्याकाळी घरात चालणारी शुभंकरोति नव्हती. किनाऱ्यावरचे ख्रिस्ती बांधवदेखील त्यात आपल्या खऱ्या भाषेत बोलत नव्हते. हिंदी चित्रपटाने गोव्याचे जे एक ठरीव, मौजेचे आणि चोरट्या मालाचे चित्र पुढे वर्षानुवर्षे वापरले, त्याच्या आरंभीच्या कर्त्यांत 'जाल'ची गणना करावी लागेल. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून सोन्याची चोरटी ने-आण होत असे हे खरे. पण तेवढ्यावर एका प्रदेशाचा चेहरा रंगवणे हा अन्यायच. गुरुदत्त पडुकोण यांचे घराणे तर चित्रापूर सारस्वतांचे. आपले मूळ गोमंतकात सांगणाऱ्या परंपरेतले. म्हणून काकांना ते अधिक लागले असावे.

काकांना तेव्हा उत्तर देता आले नाही. आजही पूर्ण देता येणार नाही. एवढेच म्हणू की, पडद्यावरची माणसे आमची नसली तरी ते चांदणे आमचे होते. भरतीच्या वेळी ओली वाळू आरशासारखी होते, झावळीची सावली भिंतीवर जिवंत हलते, आणि पौर्णिमेला माडांखाली उजेड पडतो तो ठिपक्याठिपक्यांनी. हे सारे आम्ही घराच्या मागील दारी रोज पाहत होतो. पण त्यात काही भयंकर असू शकते, हे आम्हाला म्हैसूरच्या एका परक्या मनुष्याने दाखवले.

मूर्तींचा गौरव पुढे यथायोग्य झाला. 'कागज के फूल' (१९५९) आणि 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) या चित्रपटांनी त्यांना पारितोषिके दिली. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिलेच छायालेखक. २०१४ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. २०२५ हे गुरुदत्तांचे जन्मशताब्दी वर्ष. त्यानिमित्त पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. आमच्या वाचनात जे आले त्यात 'जाल'ला फार तर एखादी ओळ मिळाली होती. 'बाजी' आणि 'आर पार' यांच्यामध्ये हा चित्रपट कसा चिरडून गेला, याचे नवल वाटते.

अलीकडे आमच्या नातीने तो घरच्या लहान पडद्यावर लावून दिला. प्रत फिकट होती. काळा रंग काळा राहिला नव्हता, राखेसारखा झाला होता, आणि जिथे झावळ्यांची सावली असायची तिथे नुसते धुके. कथा तिला जुनाट वाटली, टोनीचे हसणे तिला मुळीच आवडले नाही, शेवटाला तर ती मोठ्याने हसली. ते रात्रीचे गाणे सुरू झाले तेव्हा मात्र तिने न सांगता उठून खोलीतला दिवा मालवला.