क्रूझरचा आराम आणि पाठीचा कणा

बजाज ऑटोने 2001 मध्ये कावासाकीची 'एलिमिनेटर' ही मोटारसायकल भारतात आणली आणि 2005 मध्ये तिच्याच बांध्याची, परंतु पुष्कळ स्वस्त अशी 'ॲव्हेंजर' बाजारात उतरवली, तेव्हापासून बुटके आसन, पुढे पसरलेले पाय आणि स्वाराकडे वळलेले हँडल अशा थाटाची क्रूझर सामान्य मिळकतीच्या माणसाच्या आटोक्यात आली. आणि आज वापरलेली ॲव्हेंजर रीतसर हस्तांतरणासह माफक दामात मिळत असल्यामुळे तिच्यावरून पुण्याहून गोव्यापर्यंत जाण्याचा मनोदय अनेक तरुण बाळगतात. परंतु उभ्या गाडीवर जी बैठक परम सुखाची वाटते, तीच शंभर किलोमीटरांत कंबर धरू लागते, आणि मग मालक सीटवाल्याकडे जाऊन गादीत आणखी मऊ फोम भरून घेतो. हा खर्च बहुधा व्यर्थ जातो.

साध्या मोटारसायकलीवर पाय धडाच्या खाली असतात, त्यामुळे खड्डा दिसताच स्वार पायांवर भार घेऊन किंचित उचलला जातो आणि धक्क्याचा मोठा हिस्सा गुडघ्यांत व घोट्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे गेल्याने ही मुभा उरत नाही. श्रोणी मागे कलते, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि धक्का माकडहाडाकडून थेट मणक्यांत शिरतो. त्यात बसलेल्या मनुष्याचे धड सेकंदास 4 ते 8 आवर्तनांच्या उभ्या कंपनांस सर्वाधिक संवेदनशील असते, म्हणजे या गतीचे हादरे शरीरात विरण्याऐवजी अनुनादाने वाढतात. आणि ज्या रस्त्यावर तीन-तीन मीटरांवर उंचवटे आहेत, तो ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास सेकंदास सुमारे साडेपाच हादरे देतो, हे साध्या भागाकाराने कळते.

म्हणून पहिला बंदोबस्त स्प्रिंगांचा करावा, आणि वापरलेल्या गाडीच्या बाबतीत तर तो अपरिहार्यच आहे. शॉकॲब्सॉर्बरमधील स्प्रिंग धक्का साठवून ठेवते, परंतु साठवलेली ऊर्जा उष्णतेत परिवर्तित करण्याचे काम त्यातील तेल करते, आणि जुन्या गाडीचे सील गळून हे तेल बहुधा कमी झालेले असते. गाडीची मागची बाजू दाबून सोडावी. ती एकदा वर येऊन स्थिर न होता झुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर निकामी झाला असे समजावे. पुढच्या फोर्कचे तेल बदलावे, कोनसेट तपासावा, आणि नंतर स्प्रिंगचा ताण खाचांच्या साह्याने असा ठेवावा की स्वार बसल्यावर तिच्या एकंदर हालचालीचा साधारण एकतृतीयांश भाग खर्च व्हावा. ताण याहून फार कमी असेल तर खड्ड्यात स्प्रिंग तळाला आपटते. फार अधिक असेल तर खोलगट जागी चाक खाली उतरतच नाही.

आता गादी. बसलेल्या माणसाचा भार मुख्यत्वे नितंबांखालील दोन हाडांवर येतो. सूक्ष्म केशवाहिन्यांतील रक्तदाब पाऱ्याच्या 32 मिलिमीटरांच्या आसपास मानतात. बाहेरचा दाब दीर्घकाळ त्याहून पुष्कळ अधिक राहिला की रक्तप्रवाह खुंटतो आणि अंग बधिर होते. अतिमऊ फोम या दोन हाडांखाली पूर्ण दबून जातो आणि भार पसरण्याऐवजी तेथेच एकवटतो. याकरिता तळाशी दाट, घट्ट फोम आणि वर चिकटस्थितिस्थापक फोमचा पातळ थर घालावा. हा दुसरा फोम चार्ल्स योस्ट यांनी 1966 मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातील आसनांकरिता विकसित केला. आसन मागे रुंद असावे, माकडहाडाखाली खोलगट जागा सोडावी आणि कमरेस टेकण्यापुरता उंचवटा करून घ्यावा, म्हणजे श्रोणी मागे कलत नाही. माझ्या मते सर्व फेरफारांत हा उंचवटा सर्वांत मोलाचा आहे.

हात बधिर होण्याचे कारण निराळे. एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटास 5000 फेरे घेत असता सेकंदास सुमारे 83 वेळा थरथरते, आणि हँडलची स्वाभाविक वारंवारता त्याच्या जवळपास आली की तळहातांस मुंग्या येतात. हँडलच्या टोकांस वजने बसवल्याने ती वारंवारता खाली सरकते. खांदे सैल आणि कोपरे किंचित वाकलेली राहतील इतके हँडल फिरवून घ्यावे, यास पैसाही लागत नाही.

ताठ बसलेल्या क्रूझरस्वाराची छाती म्हणजे वाऱ्यात उभारलेले शीडच. आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 60 वरून 90 वर जाताना तो सव्वादोन पट होतो. पुढे काच अवश्य लावावी, परंतु तिच्या वरच्या कडेवरून रस्ता स्पष्ट दिसावा, इतकीच ती उंच असावी.

फोर्क लांबवण्याच्या किंवा चेसिस कापण्याच्या भरीस मात्र पडू नये. लांब फोर्कमुळे मंद वेगात वळताना हँडल एका बाजूस कोसळू पाहते, आणि नोंदणीच्या दाखल्यातील तपशील मूळ बनावटीशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. एका वेळी एकच फेरफार करावा, त्यानंतर दोन-तीन तासांची सलग फेरी मारावी, आणि कंबर, तळहात व मान यांचा कौल घेऊनच पुढच्या खर्चास हात घालावा.