सेकंदाला 48 अब्ज मोजमापं आणि यादीतली एक ओळ

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला येणारा प्रत्येक जण डिशांचे फोटो काढतो. साहजिक आहे. 45 मीटर व्यासाची एकेक डिश, अशा 30. चौदा मध्यभागी दाटीनं, उरलेल्या सोळा तीन दिशांच्या फाट्यांवर, 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. पण छाती दडपून टाकणारे आकडे आहेत ते आत, संगणकांच्या खोलीत.

प्रत्येक डिशकडून दोन सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून येतात. म्हणजे 60. चारशे मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर प्रत्येक सिग्नल सेकंदाला 80 कोटी वेळा मोजावा लागतो. एकूण 48 अब्ज मोजमापं, दर सेकंदाला! पुढे प्रत्येक डिशची इतर प्रत्येक डिशशी जोडी लावायची. जोड्या 435, प्रत्येक जोडीत सिग्नलांच्या चार जुळण्या. चारशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी हिशेब जातो सेकंदाला 69,600 कोटी गुणाकारांवर. एखाद्यानं रात्रंदिवस सेकंदाला एक गुणाकार केला, तर एका सेकंदाचं हे काम उरकायला त्याला 22 हजार वर्षं लागतील.

हे काम एफपीजीए (हव्या तशा जुळवता येणाऱ्या चिप) बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बसवलेले सर्व्हर करतात. अशा लिनक्स सर्व्हरच्या पोटात काय काय आहे, हे ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा यादी करून सांगते. बस, डिव्हाइस, फंक्शन असा प्रत्येक भागाचा पत्ता. 256 बस, प्रत्येकीवर 32 डिव्हाइस, प्रत्येकात 8 फंक्शन: एका डोमेनमध्ये 65,536 पत्ते मावतात. यंत्र सुरू होताना या पत्त्यांवर विचारणा होते. कोणी असेल तर तो आपल्या कंपनीचा क्रमांक सांगतो (इंटेलनं स्वतःसाठी 8086 घेतलाय, आपल्या गाजलेल्या चिपचं नाव!). कोणी नसेल तर उत्तरात सगळे बिट 1 येतात.

तपशील मागितला की यादीत लिंकची, म्हणजे कार्डाच्या जोडणीची एक ओळ दिसते; डेटाच्या किती वाटा (लेन) जुळल्या ते ती सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. ग्राफिक्स कार्डाला 16 लेन मिळायला हव्यात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस या जोडणीवर त्यांतून सेकंदाला सुमारे 15.7 गीगाबाइट जातात. कार्ड खाचेत नीट बसलं नाही तर एकच लेन जुळू शकते. मग उरतो जेमतेम 1 गीगाबाइट. समजा ते 48 अब्जांचं ओझं 16 सर्व्हरांत वाटलं आणि एकेक मोजमाप अर्ध्या बाइटात बसवलं. तरी प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला दीड गीगाबाइट येतात. एका लेनवर ते मावत नाहीत. कार्ड चालू दिसतं, यादीत नाव असतं, आणि आकाशातून आलेला डेटा मात्र वाटेतच गळतो.

जीएमआरटीत दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जा, डिश डोळे भरून पाहा, आणि त्यामागच्या संगणकांबद्दलही आवर्जून विचारा. तोवर घरी लिनक्स असेल तर एलएसपीसीआय ही आज्ञा एकदा चालवून बघाच.