गब्बरच्या जागी बब्बन

आमच्या खंडाळ्यात ‘शोले’ न पाहिलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. त्यातला रेल्वेवरचा दरोडा घाटाखाली पनवेलजवळ चित्रित झालेला, त्यामुळे आम्हाला तो जरा जास्तच जवळचा. गणपतीत पडद्यावर लागला की गब्बर तोंड उघडायच्या आत सगळी आळी त्याचं वाक्य म्हणून मोकळी होते.

२००७ च्या ऑगस्टअखेर ‘शोले’चाच नवा अवतार म्हणून ‘राम गोपाल वर्मा की आग’ आला आणि समीक्षकांइतकेच प्रेक्षकही तुटून पडले. चित्रपट साफ कोसळला. जुन्याला हात लावला म्हणून लोक चिडले, हे मला पटत नाही. ‘शोले’ तरी कुठे स्वयंभू होता? कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४), त्यावरचा अमेरिकी ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०), असं त्याचं घराणं. पण सलीम-जावेद यांनी त्यात मावशी, होळी, टांगेवाली घालून तो इथल्या मातीतला केला.

‘आग’मध्ये ठाकूरच्या तुटलेल्या हातांच्या जागी इन्स्पेक्टरची छाटलेली बोटं आली, आणि शालीखालचं ते रिकामेपण गेलं. मूळ गब्बर हातावर चालणारा मुंगळा शांतपणे चिरडतो. इमामसाहेबांच्या मुलाचा खून दाखवावाही लागत नाही. नव्या बब्बन सिंगकडे असा एकही क्षण नाही. शिवाय ती भूमिका अमिताभची! ‘शोले’तल्या त्याच्या ज्या जयसाठी आमच्या आयाबाया रडल्या, त्यालाच डाकू म्हणून कसं स्वीकारणार?

पुढे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही वर्मांना स्वामित्वहक्कभंगाबद्दल दहा लाखांचा दंड ठोठावला.